खदान पूर्वेला सरकवू की खाली नेऊ? पूर्वेला जंगल आहे (इंदूर, खंडवा रोड)

गिट्टीवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे, चोरलचा उतार लागायच्या आधी आत वळलं की आमची काळ्या दगडाची खदान आहे. चार हेक्टरचा पट्टा, म्हणजे लीज. बाबांच्या नावावर होता, ते गेल्यावर माझ्याकडे आला. सोबत एक क्रशर, दोन डंपर, आणि एक पोकलेन जी माझ्यापेक्षा जास्त वेळा दवाखान्यात जाऊन आली आहे. राहायला आम्ही लोकमान्यनगरात. सकाळी पोहे खाऊन निघायचं आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत राखाडी होऊन परत यायचं. आई दारातच बादली ठेवते.

दगड कसा आहे ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. वर हातभर काळी माती, मग दोन-अडीच मीटर मुरूम, मग खरा दगड. पश्चिमेचा भाग बाबांनीच काढून संपवला. तिथे तळाला आता लाल मातीचा थर लागलाय, कुठे वीतभर, कुठे हातभर. त्याच्या खाली पुन्हा दगड आहे, पण सुरुवातीचा सगळा भोकाभोकांचा, जाळीदार. क्रशरमध्ये टाकला तर अर्ध्याची डस्ट होते. पूर्वेला मात्र अजून १२-१३ मीटर घट्ट दगड उभा आहे, घण मारला तर घंटेसारखा वाजतो. आणि पूर्वेलाच जंगल आहे.

राखीव जंगल, चोरल रेंजचं. साग, धावडा, सलई, काठाला मोह. कागदावर पट्ट्याच्या पूर्व कोपऱ्यापासून जंगलाची हद्द २७० मीटर. आमच्या एमपीत २५० मीटरच्या आत आलात की प्रकरण वेगळ्या समितीपुढे जातं, म्हणून या २७० च्या कागदाची बाबा पूजा करायचे फक्त बाकी ठेवले होते. मागच्या महिन्यात जंगलखात्याचा नवीन बीटगार्ड आला. तरुण पोरगा, जुन्यासारखा चहा पिऊन जाणारा नाही. पहिलाच प्रश्न, "भैया, मुनारा कहाँ है?" (बाहेरच्या मंडळींसाठी: मुनारा म्हणजे जंगलाच्या हद्दीचा खांब.) दोघं मिळून शोधायला निघालो. तासाभराने घाणेरीच्या झुडपात आडवा पडलेला सापडला, चुना गेलेला, नंबर अर्धा पुसलेला. तिथून आमच्या कोपऱ्यापर्यंत त्याच्या मोबाईलवर २३४ मीटर भरले. आता खांब घरंगळून खाली आला की मुळातच तिथे होता, ते त्या खांबालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट जास्त टोचून राहिली आहे. काठावरच्या पाड्यातल्या बाया मोह वेचतात. परवा त्यांच्यातली एक म्हातारी थेट ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत आली आणि पदरातला मोह माझ्या रजिस्टरवर ओतला. ताजी फुलं, फिकट पिवळी, गरगरीत, रसाने चिकट. आणि त्या चिकट्यावर आमची डस्ट, पिठात घोळवल्यासारखी. धुतला तर मोहाची गोडी जाते आणि वाळतही नाही नीट. म्हणाली, "ले, खा." मी एक तोंडात टाकला. आधी गोड लागला, मग दाताखाली कचकच. ती काही न बोलता निघून गेली. रजिस्टरचं पान अजून चिकट आहे.

मार्च लागला की पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणजे क्रशरची सगळी धूळ सरळ त्यांच्या झाडांवर.

तर विचारायचं हे, की पूर्वेचा चांगला दगड काढायला सरकू, का लाल थर फोडून जाळीदार दगड पार करून खाली जाऊ? खंडवा रोडचं काम चालू आहे, बोगदे होऊन राहिलेत, गिट्टीला मागणी भरपूर आहे. दुसरा पट्टा घेण्याइतका पैसा नाही. आणि कृपा करून "जंगलवाल्यांना मॅनेज करा" असं सांगू नका. तो सल्ला मला घरबसल्या रोज मिळतो.

---

सुरुंगकाका

बेटा, मी आयुष्यभर खाणीत मॅनेजरी केली, आता बडोद्याला मुलीकडे असतो आणि नातीला शाळेत सोडतो. तुझं वर्णन वाचून हात शिवशिवले.

आधी खाली जायचं बघू, कारण ते लोकांना फुकट वाटतं. तुझा पट्टा साधारण चौरस धरला तर २०० बाय २०० मीटर. चारी बाजूंना साडेसात मीटर सोडायचेच आहेत, म्हणजे उरले १८५. आता ६ मीटरची बेंच, म्हणजे कड्यातली पायरी, आणि बेंचची रुंदी उंचीपेक्षा कमी चालत नाही. प्रत्येक पायरीला दोन्हीकडून मिळून १२ मीटर गेले. शिवाय डंपर उतरणार कसा? रस्त्याचा उतार १६ ला १. म्हणजे एक बेंच उतरायला जवळपास १०० मीटर रस्ता. तीन बेंच उतरेपर्यंत तुझी खदान म्हणजे मधे हौद आणि भोवती नुसत्या पायऱ्या. छोट्या पट्ट्यात खोल जाणं म्हणजे चिंचोळ्या पातेल्यात मोठी पळी घालणं. पायऱ्या न सोडता सरळ कडा कापत गेलास तर दगड मिळेल, पण मग कधीतरी त्या कड्याखाली कुणीतरी सापडेल. मी अशी एक पहाट बघितली आहे. त्यावर इथे लिहिणार नाही.

आणि तो लाल थर. माळव्याचा दगड एका लाव्ह्याचा नाही, थरावर थर आहेत. एक थर थंड झाला, वरून हवापाणी खाऊन त्याची माती झाली, मग पुढचा लाव्हा येऊन त्यावर बसला आणि माती भाजून लाल झाली. त्या मातीतून पाणी सहजासहजी जात नाही. तिच्या खालचा जाळीदार दगड मात्र पाणी धरून असतो. म्हणजे लाल थर हे झाकण आहे. ते फोडलंस तर एक तर खालचं पाणी वर येऊन तुझी खदान भरेल आणि तुला पंप लावून ते नाल्यात सोडावं लागेल, नाहीतर थरावर अडून बसलेलं पाणी खाली उतरून जाईल आणि आसपासच्या विहिरी बसतील. दोन्हीत शिव्या तुलाच. आधी एक बोअर घे, थर कुठे लागतो, पाणी कुठे लागतं, लिहून ठेव. जवळच्या चार विहिरींची पातळी मे महिन्यात आणि पावसानंतर मोज. उद्या कुणी बोट दाखवलं तर तेवढंच तुझ्या हातात असेल.

आता पूर्वेचं. ब्लास्टिंग कसं करतोस ते तू लिहिलंच नाहीस. ते लपवण्यासारखं असेल तर माझ्यापासून तरी लपवू नकोस. सुरुंगाचे सगळे होल एकदम उडवतोस का? समज १२ होल, प्रत्येकात ३० किलो. एकदम उडवले तर ३६० किलोचा एक धक्का. प्रत्येक होलला वेगळा डिले दिला, म्हणजे क्षणाक्षणाच्या अंतराने एकेक उडवला, तर जमिनीला एका वेळी ३० किलोच कळतात. धक्क्याचा हिशेब अंतर भागिले किलोच्या वर्गमुळाने होतो. ३०० मीटरवर पहिल्या पद्धतीत तो आकडा १६ च्या आसपास, दुसऱ्यात ५५ च्या आसपास. आकडा जितका मोठा तितका धक्का कमी, आणि या दोन आकड्यांत धक्क्याचा फरक सहा-सात पटींचा पडतो. तोच दगड, तीच दारू. कच्च्या-पक्क्या घरांसाठी खाण सुरक्षावाल्यांची सगळ्यात कडक मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर आहे, ती हळू थरथरीसाठी. पाड्यात एकदा मशीन ठेवून मोज.

इलेक्ट्रिक डिटोनेटर १ एप्रिल २०२५ पासून बंदच झाले आहेत, तेव्हा तुझा कंत्राटदार अजून जुन्या वायरी जोडत असेल तर त्याला आजच हात जोड. आणि होलच्या तोंडात ड्रिलची भुकटी नको, बारीक गिट्टी ठास. भुकटी बंदुकीच्या बुचासारखी उडते आणि तिच्यामागून दगड. जंगलात सर्वात लांब जातो तो तुझा उडालेला दगड.

---

पिपल्याहाना_बिल्डर

भिया, ते सगळं ठीक. २० एमएम गिट्टीचा भाव वाढवू नका म्हणजे झालं.

---

गिट्टीवाला_इंदूर

@पिपल्याहाना_बिल्डर तुमचं मागच्या दिवाळीचं बिल बाकी आहे. भावाचं नंतर बोलू.

@सुरुंगकाका काका, लपवत नाही. डिले आहे, पण दोन-दोन होलला एक. कंत्राटदार म्हणतो तेवढं पुरे. तोंडात भुकटीच भरतात, मी कालच उभं राहून बघितलं. बोअरचं बोलणं करून ठेवलं.

एक कल्पना सुचली आहे. क्रशर सध्या मधे उंचावर आहे. तो पश्चिमेच्या रिकाम्या खड्ड्यात उतरवला तर? तीन बाजूंनी ११-१२ मीटरची भिंत, वारा लागणार नाही, आवाज आत राहील, जंगलापासूनही लांब.

---

कागदवाला

क्रशरची कल्पना चांगली आहे. जागा बदलली की प्रदूषण मंडळाची संमती नव्याने घ्यावी लागेल तेवढं लक्षात ठेवा. नियम असा की क्रशरपासून ४० मीटरवर त्याच्यामुळे हवेत वाढलेली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. खड्ड्यात ते सोपं जातं, पण फवारे आणि क्रशरच्या सरकत्या पट्ट्यांवरची झाकणं तरी लागतातच. फवारे फक्त तपासणीच्या दिवशी चालू असतात हे मंडळालाही माहीत आहे, तेव्हा त्याचं कौतुक नको.

आता मुनारा. त्याला हात लावू नका. उभा करू नका, चुना लावू नका, "मूळ जागी" तर अजिबात नेऊ नका. हद्दीची खूण हलवणं हा १९२७ च्या वन कायद्यात, कलम ६३ खाली गुन्हा आहे, आणि तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी फायदा तुमचा होतो असंच दिसणार. डीएफओ (विभागीय वन अधिकारी) आणि तहसीलदार दोघांना एकाच दिवशी अर्ज द्या, संयुक्त सीमांकन मागा, पोच घ्या. मोबाईलचा २३४ हा आकडा नव्हे, झाडाखाली तो दहा-वीस मीटर सहज इकडेतिकडे होतो. पण बाबांचा २७० कुणी कशाने मोजला तेही बघा. जुन्या प्रमाणपत्रांत बऱ्याचदा पटवारी नकाशावर पट्टी ठेवलेली असते. त्यात मधली जमीन वनाची की महसुलाची हा वाद असेल, ज्याला आपल्याकडे नारंगी क्षेत्र म्हणतात, तर तोही याच मोजणीत उघड होऊ द्या. नंतर कळण्यापेक्षा बरा.

इथे कुणीतरी एक किलोमीटरवालं घेऊन येईल म्हणून आधीच सांगतो. सुप्रीम कोर्टाने जून २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये म्हटलं ते राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याबद्दल, म्हणजे त्यांच्या आत आणि हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम नाही. रालामंडल अभयारण्याला ते लागतं. तुमच्या राखीव जंगलाला तो नियम नाही. पण पर्यावरण मंजुरी देणाऱ्या समितीने अट घातली तर ती लागतेच, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरखालच्यांनाही ती मंजुरी चुकत नाही.

दिशा बदलायची तर मायनिंग प्लॅन बदलावा लागेल. त्यात पूर्वेची एक पट्टी स्वतःहून गैर-खनन म्हणून दाखवा. मोजणीत २५० च्या आत आलात तरी समितीपुढे तुमचं तोंड उघडायला जागा राहते.

---

पाखरूताई_महू

गिट्टीवालेदादा, थांबा. पश्चिमेचा खड्डा किती वर्षं रिकामा आहे?

त्या कड्याला उन्हं उतरताना लांबून बघा. एखाद्या खाचेखाली पांढरे ओघळ दिसतात का, चुन्याचं पाणी सांडल्यासारखे? असतील तर खाली जाऊन करड्या रंगाच्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या शोधा. फोडल्या की आत उंदरांची हाडं आणि केस निघतील. मिळाल्या तर तिथे शृंगी घुबड आहे. डोक्यावर दोन शिंगांसारखी पिसं असतात ते. याला घरटं बांधायची अक्कल नाही, कड्याच्या खाचेत उघड्या दगडावरच अंडी घालतं. सोडून दिलेल्या खदानी त्याला फार आवडतात, आणि मार्चमध्ये पिल्लं असतात. उडता यायच्या आधीच ती पायी भटकायला लागतात, कड्यावरून घरंगळतात, खाली दगडांत बसून राहतात. त्या वेळी तिथे पोकलेन उतरली तर चालकाला दिसणारसुद्धा नाहीत. दगडासारखाच रंग.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही न विचारलेल्या. रात्री काम चालतं का? चालत असेल तर दिव्यांची तोंडं कुठे आहेत? साध्या हॅलोजनवर पत्र्याची टोपी घालून तो खाली वळवला तरी निम्मा प्रश्न सुटतो.

आणि अटीतली झाडं म्हणून सुबाभूळ लावली असेल तर काढा. वर्षात उंच होते, फोटोत छान दिसते, आणि मग बी जंगलात घुसतं. करंज, सिरस, पळस लावा. हळू वाढतील.

---

गिट्टीवाला_इंदूर

ताई, सुबाभूळ आहे. दोनशे. बाबांनी लावली होती, मोठ्या अभिमानाने.

आणि घुबडही आहे.

काल साडेसहाला गेलो. पांढरे ओघळ मला आधीही दिसले होते, मी पाझराचा क्षार समजत होतो. खाली नऊ गोळ्या मिळाल्या. एक फोडली तर आत चिमुकली कवटी, पुढचे दोन पिवळे दात लांबलचक. चौकीदार म्हणाला, "अरे बाबूजी, वो तो बरसों से है, बड़े बाबूजी को पता था." बाबांना माहीत होतं! तो कोपरा तसाच अर्धवट का सोडला, तिथे सहज निघणारा दगड असताना, हे मला आजवर कळलं नव्हतं. त्यांना विचारायची सोय नाही. कदाचित पोकलेनच बंद पडली असेल, उगाच मोठं करत नाही.

बोअर झाला. पश्चिमेच्या तळाला ४० सेंटीमीटर लाल थर, मग सव्वातीन मीटर जाळीदार, आणि त्यातच पाणी. रात्रीत बोअरमध्ये लाल थराच्याही वर चढलं. म्हणजे खाली जाण्याचा विषय संपला. काका, तुमचं झाकण खरं निघालं.

संयुक्त मोजणीचा अर्ज दिला, दोन्हीकडची पोच घेतली. बीटगार्डने अर्जाची झेरॉक्स मागून घेतली आणि पहिल्यांदा चहा प्यायला.

आता ताई, क्रशर खड्ड्यात न्यायचा तर केव्हा?

---

पाखरूताई_महू

पावसाळ्यानंतर, पण नोव्हेंबरच्या आधी. म्हणजे घुबडांनी जागा धरायच्या वेळी क्रशर तिथे आधीच असेल. नको वाटलं तर दुसरी खाच शोधतील. ओघळ आहेत तो कडा सोडून समोरच्या भिंतीला लावा, आणि तेवढा एक कोपरा तोडू नका. राहतीलच असं वचन मी देत नाही.

---

सुरुंगकाका

मधला दगड लाल थरापर्यंत काढ आणि थांब. पूर्वेची किती पट्टी सोडतोयस?

---

गिट्टीवाला_इंदूर

३० मीटर, काका. २०० लांबी, म्हणजे ६,००० चौरस मीटर, १२ मीटर दगड. साडेसात मीटर तर सोडायचेच होते, ते वजा केले तरी ५०-५५ हजार घनमीटर घंटेसारखा वाजणारा दगड डोळ्यांसमोर उभा राहणार. आकडा बायकोला सांगितला, आईला सांगितला नाही. एका होलला एक डिले सुरू केला. कंत्राटदार कुरकुर करून राहिलाय, गिट्टी भरायला माणूस वाढला म्हणून.

मोहाचं राहिलं. क्रशर ऑक्टोबरपर्यंत हलणार नाही आणि मोह आत्ता गळतोय. रात्रपाळी बंद केली, क्रशर आता सकाळी दहानंतरच. मोह पहाटे गळतो, नवापर्यंत वेचून होतो. शिवाय झाडांखाली बांधायला हिरव्या जाळ्या आणल्या, सियागंजातून, दहा. फूल जमिनीवर पडायलाच नको असा विचार. काल स्वतः घेऊन गेलो. त्याच म्हातारीने जाळी हातात घेतली, ताणून बघितली, गाठी तपासल्या, चांगली आहे म्हणाली. मग वर झाडाकडे बघितलं. फांद्या सगळ्या राखाडी.

"जाली तो नीचे बाँधेगा," म्हणाली, "धूल तो ऊपर से गिरती है ना?"

आज टँकर पाठवलाय, झाडं धुवायला. चौदा झाडं आहेत. चालक विचारून राहिलाय की पावती कशाच्या नावाने फाडू.